कपातला ग्रीन टी आणि कॅप्सूलमधला ग्रीन टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात ग्रीन टीच्या फायद्यांवर पानभर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. मी स्वतः कित्येक वर्षं रोज ग्रीन टी पिते आणि यापुढेही पिणार आहे, त्यामुळे ग्रीन टीवर कुणी चांगलं लिहिलं की मला आनंदच होतो. पण लेखाच्या शेवटच्या परिच्छेदातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारली आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ‘ज्यांना ग्रीन टीची चव आवडत नाही, त्यांनी ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेतल्या तरी हेच फायदे मिळतात.’

हे वाक्य चूक आहे. हाच सल्ला दुसरीकडे कुठेतरी वाचून माझ्या धाकट्या भावानं तो पाळला, आणि त्याचं यकृत दोन महिने आजारी पडलं. म्हणून हे पत्र. जरा लांबलं तर समजून घ्यावं.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. रक्त काढायचं, नळ्या फिरवायच्या, काचपट्ट्या रंगवायच्या, आकडे दोनदा तपासायचे, हेच माझं आयुष्य. त्यामुळे कुठलाही आरोग्यविषयक लेख वाचताना माझं लक्ष आधी आकड्याकडे जातं. किती? कुणाला? किती दिवस? आपल्या लेखात ‘ग्रीन टी कोलेस्टेरॉल कमी करतो’ असं लिहिलं आहे, पण किती कमी करतो ते लिहिलेलं नाही. ते सांगायला हवं होतं.

कोलेस्टेरॉलचंच घेऊ. ग्रीन टीवरच्या १४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०११ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास आणि एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २ मिलिग्रॅमच्या आसपास कमी झालेलं दिसलं. घट खरी आहे, चाचण्या नीट केलेल्या आहेत. पण लॅबमधल्या माणसाला विचारा. आज २०० आलेलं कोलेस्टेरॉल पुढच्या आठवड्यात, काहीही बदललेलं नसताना, १९० येतं किंवा २१० येतं. शरीरच तेवढं वरखाली होत असतं. म्हणजे ग्रीन टीचा फायदा हा एका माणसाच्या एका रिपोर्टमध्ये दिसण्याएवढा मोठा नाही. हजारभर माणसांच्या सरासरीत तो दिसतो. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून ग्रीन टी सुरू करणारे लोक मी रक्त देण्याच्या खुर्चीत बसलेले पाहिले आहेत. त्यांच्यासाठी हा फरक कळणं फार महत्त्वाचं आहे.

तरीही मी ग्रीन टी पिते, कारण छोटा फायदाही फायदाच असतो, आणि जपानमधला ओसाकीचा अभ्यास मला आजही महत्त्वाचा वाटतो. मियागी प्रांतातल्या ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० लोकांची माहिती १९९४ मध्ये घेतली गेली. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाही पक्षाघात, हृदयरोग किंवा कर्करोग झालेला नव्हता. मग अकरा वर्षं त्यांचा मागोवा घेतला, मृत्यूच्या कारणांचा सात वर्षं. निष्कर्ष २००६ साली छापून आले. दिवसाला एक कपापेक्षा कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत पाच किंवा जास्त कप पिणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण १२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत २३ टक्क्यांनी कमी होतं. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू तर स्त्रियांत ३१ टक्क्यांनी कमी होते. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. आपल्या लेखात ‘कर्करोगापासून संरक्षण’ असा ठळक उपमथळा आहे. ग्रीन टी आणि कर्करोग यावरच्या १४२ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं २०२० साली घेतला, आणि त्यातून ठाम असं काही हाती लागलं नाही. एक अभ्यास हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. घरात कर्करोगाचा रुग्ण असताना असा उपमथळा वाचणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं, याचा विचार लेख लिहिताना व्हायला हवा होता.

ओसाकीच्या अभ्यासालाही एक मर्यादा आहे, ती मी लपवत नाही. जे लोक दिवसाला पाच कप ग्रीन टी पितात ते कदाचित आणखीही काही गोष्टी वेगळ्या करत असतील. संशोधकांनी वय, धूम्रपान, वजन वगैरे हिशेबात धरलं होतं, पण नुसत्या निरीक्षणातून सगळं काही वजा करता येत नाही. मात्र एक गोष्ट पक्की. ती माणसं ग्रीन टी पीत होती, कपातून, घोट घोट करत, दिवसभरात विभागून. त्यांच्यापैकी कुणाला सकाळी उपाशीपोटी दोन कॅप्सूल दिलेल्या नव्हत्या.

आता पानाबद्दल थोडं सांगते, कारण कप आणि कॅप्सूल यांतला फरक तिथूनच समजतो. काळा चहा आणि ग्रीन टी ही एकाच झाडाची पानं, कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडून चुरगाळलं की त्यातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं पानातली कॅटेचिन नावाची द्रव्यं बदलून टाकतं आणि पान काळपट होतं. ग्रीन टीसाठी पान खुडल्यावर लगेच तापवतात, जपानमध्ये वाफेवर, चीनमध्ये बहुतेक करून कढईत. तापलं की एन्झाइम निकामी होतं, पान हिरवं राहतं आणि कॅटेचिन्सही टिकतात. त्यांतलं सगळ्यात जास्त प्रमाणात असणारं आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेलं द्रव्य म्हणजे ईजीसीजी. ग्रीन टीतून कॅटेचिन स्फटिकरूपात वेगळं काढणारी पहिली व्यक्ती एक बाई होती, मिचियो त्सुजिमुरा, आणि साल होतं १९२९. विद्यापीठ तेव्हा मुलींना प्रवेश देत नव्हतं म्हणून त्यांनी होक्काइदोच्या प्रयोगशाळेत आधी बिनपगारी काम केलं होतं. पुढे १९३२ मध्ये जपानमध्ये कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. विषयाला सोडून आहे, पण आयुष्यभर प्रयोगशाळेत उभ्या राहिलेल्या बाईला हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

तर, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली हिशेब मांडला. ग्रीन टी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्यातून दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जातं, आणि पाण्यात पानं टाकून केलेला असा चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. पण अर्काच्या गोळ्यांतून ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी रोज घेतलं तर चाचण्यांमध्ये लोकांच्या रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसली. त्यावरून युरोपीय संघानं २०२२ मध्ये नियम केला. रोजच्या मात्रेतलं ईजीसीजी ८०० मिलिग्रॅमच्या खालीच हवं आणि डब्यावर स्पष्ट छापायला हवं की हे उपाशीपोटी घेऊ नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये, अठरा वर्षांखालच्यांनी घेऊ नये. फ्रान्स आणि स्पेनमध्ये तर अशा अर्काचं एक उत्पादन यकृताच्या तक्रारींमुळे २००३ सालीच बाजारातून काढून घेतलं होतं. म्हणजे ही नवी बातमी नाही. वीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे.

माझ्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. मलाही तेव्हा नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यानं मला विचारलं होतं. ‘ताई, ग्रीन टीच्या कॅप्सूल घेऊ का? वजन कमी होतं म्हणतात.’ मी म्हटलं, ‘ग्रीन टीच आहे ना, घे की.’ त्या वेळी तो एक्कावन्न वर्षांचा होता. त्यानं आधी ग्रीन टी पिऊन पाहिला होता, तोंड वाकडं केलं होतं आणि कप तसाच ठेवून दिला होता. म्हणून कॅप्सूल. डब्यावर एक लिहिली होती, वजन हलेना म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून तो दोन घ्यायला लागला. सकाळी उठल्या उठल्या, पाण्याबरोबर, उपाशीपोटी. तसं घेतल्यानं जास्त गुण येतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. जास्त शोषलं जातं हे खरंच आहे. उपाशीपोटी घेतलं की ईजीसीजी रक्तात कितीतरी जास्त उतरतं. धोका तोच आहे.

दहाव्या आठवड्यात त्याची जेवणावरची वासना गेली. थकवा म्हणाला, झोप नीट होत नाही म्हणाला. मग एके दिवशी फोनवर म्हणाला की लघवी चहासारखी गडद होतेय. मी त्याला त्याच पावली लॅबमध्ये बोलावलं आणि रक्त मीच काढलं.

नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर सीरम राहतं. निरोगी माणसाचं सीरम फिकट गवती रंगाचं असतं, नळी उजेडासमोर धरली तर पलीकडची अक्षरं वाचता येतात. त्याच्या नळीतलं सीरम गडद पिवळं होतं, कडेला किंचित हिरवट झाक होती. मशीनमध्ये घालायच्या आधीच मला कळलं. इतक्या वर्षांत अशा नळ्या शेकड्यांनी पाहिल्या असतील, पण चिठ्ठीवर आपल्याच घराचं आडनाव असलं की हात थांबतो. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, १,१४० आलं. बरं असलेल्या माणसाचं चाळीसच्या आसपास किंवा खाली असतं. बिलिरुबिन ६.८.

काविळीचे विषाणू एकेक करून तपासले, सगळे निगेटिव्ह. दारूला तो शिवत नाही. सोनोग्राफीत खडे नाहीत. डॉक्टरांनी तेव्हा एक प्रश्न विचारला जो आम्ही कुणीच विचारला नव्हता, ‘औषधं सोडून आणखी काय काय घेता? पावडर, काढा, गोळ्या, काहीही.’ त्यानं कॅप्सूलचं नाव सांगितलं. ती औषधात मोडते असं त्याला वाटलंच नव्हतं, कारण डब्यावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं होतं आणि हिरव्या पानाचं चित्र होतं. कॅप्सूल त्या दिवशी बंद केली. दर आठवड्याला मी त्याचं रक्त काढत होते. ११४० चे ७६०, मग ४१०, मग १८०. नऊ आठवड्यांनी आकडा जागेवर आला.

तो सुदैवी ठरला. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांच्याकडे आलेल्या ग्रीन टी अर्काच्या रुग्णांमध्ये काहींना यकृत बदलण्याची वेळ आली आणि मृत्यूही झाले आहेत. त्यांना हेही आढळलं की अशा रुग्णांपैकी बहुतेकांमध्ये एचएलए-बी ३५:०१ नावाचा एक आनुवंशिक खुणेचा प्रकार होता. म्हणजे तीच कॅप्सूल शंभर जण घेतील, नव्व्याण्णव जणांना काही होणार नाही, आणि शंभरावा नेमका कोण हे आधी कुणाला कळत नाही. ‘मी घेतो, मला काही झालं नाही’ असं जे सांगतात ते खोटं बोलत नसतात. पण त्यांच्या अनुभवावरून दुसऱ्याला सल्ला देता येत नाही.

अर्क मुळातच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ग्रीन टीच्या कॅटेचिन्सचं एक मलम अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ साली एका प्रकारच्या चामखिळींसाठी मंजूर केलेलं आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. अर्क हे औषध आहे. औषधासारखंच त्याच्याशी वागायला हवं.

आणि ज्या वजनासाठी त्यानं हे सगळं केलं, त्याचं काय? ग्रीन टी आणि वजन यावरच्या १८ चाचण्यांचा कॉक्रेनचा २०१२ सालचा आढावा आहे. जपानबाहेरच्या चाचण्यांत वजनातली सरासरी घट किती निघाली? ०.०४ किलो. चाळीस ग्रॅम. जपानमधल्या चाचण्यांत ०.२ पासून ३.५ किलोपर्यंत घट दिसली, पण त्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या होत्या की त्यांची सरासरीसुद्धा काढता आली नाही. साखरेच्या पेयाऐवजी बिनसाखरेचा ग्रीन टी घेतला तर साखर कमी झाल्यानं वजनाला मदत होईल, ते खरं. ती साखरेची किमया.

आता माझ्या स्वतःच्या बाबतीतली गोष्ट. ती कॅप्सूलची नाही, कपाचीच आहे. आपल्या लेखात ‘जेवणानंतर लगेच एक कप ग्रीन टी घ्यावा, पचन सुधारतं’ असं लिहिलं आहे, म्हणून सांगते.

मी सेहेचाळीस वर्षांची असताना पाळीत रक्तस्राव खूप जायला लागला आणि हिमोग्लोबिन ८.९ वर आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी त्या इमानेइतबारे घेतल्या, एक दिवसही चुकवला नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.२. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६. मी माझीच काचपट्टी रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निरोगी तांबडी पेशी मधे जराशी फिकट असते, त्या फिकट भागाचा व्यास साधारण पेशीच्या एक तृतीयांश असतो. माझ्या पेशी लहान होत्या आणि मधला फिकट भाग पसरत पसरत कडेपर्यंत गेला होता, नुसती गुलाबी बारीक कड तेवढी उरली होती. रिकाम्या बांगडीसारख्या दिसत होत्या. मधूनच एखादी लांबट, पेन्सिलीसारखी. दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर मी विचारलं असतं, ‘बाई, गोळ्या घेताय ना नक्की?’

डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळी कशाबरोबर घेता?’ मी म्हटलं, जेवणानंतर, ग्रीन टीच्या पहिल्या घोटाबरोबर. त्या नुसत्या बघत राहिल्या. चहातली पॉलिफिनॉल्स, म्हणजे कॅटेचिनसारखी द्रव्यं, लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यात ते शोषलंच जात नाही, हे त्यांनी मला समजावलं. विशेषतः वनस्पतींतून आणि गोळ्यांतून मिळणाऱ्या लोहाच्या बाबतीत. मी रोज गोळी घेत होते आणि रोज तिच्यावर झाकण ठेवत होते.

उपाय एवढाच निघाला की गोळी जेवणाआधी पाण्याबरोबर आणि चहा दोन तासांनी. रक्तस्रावावरचे उपचारही त्याच वेळी सुरू झाले, त्यामुळे सगळं श्रेय चहाच्या वेळेला देता येणार नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.३ झालं. साध्या चहावर ब्रिटनमध्ये २०१७ साली १२ स्त्रियांवर केलेली एक छोटी चाचणी आहे. त्यात जेवणाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचं शोषण एक तृतीयांशाहून जास्त घटलं, आणि एक तासाचं अंतर ठेवलं की ते बरंचसं सावरलं. तासाभराचं अंतर! इतकी साधी गोष्ट छापायला किती जागा लागते? पाळी येणाऱ्या मुली, गरोदर बायका, आधीच रक्त कमी असलेली माणसं, ही सगळी आपली पुरवणी वाचतात. त्यांना ‘जेवणानंतर लगेच’ हा सल्ला देऊ नये. गरोदरपणात तर एकूण कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, आणि ग्रीन टीतही कॅफीन असतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

औषधांबद्दलही लेखात एक ओळ नव्हती. नॅडोलॉल नावाची रक्तदाबाची गोळी आहे. जपानमध्ये दहा निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी दिला आणि मग ही गोळी दिली, तर रक्तात पोहोचणारं औषध ८५ टक्क्यांनी कमी झालं. हा निष्कर्ष २०१४ सालचा. गोळी वेळेवर घेऊनही रक्तदाब खाली येत नाही म्हणून डोस वाढवत नेणारे किती असतील कोण जाणे. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही एकदम खूप ग्रीन टी सुरू करू नये, विशेषतः सबंध पानाची पूड असलेला माचा, कारण पानातलं व्हिटॅमिन के त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, एकाएकी बदललेला पेशंट आला की आम्ही लॅबमध्ये आधी विचारायचो, खाण्यापिण्यात काही नवीन सुरू केलंय का. रोजच्या सवयीचा एखाददुसरा कप असेल तर डॉक्टर त्याप्रमाणे डोस ठरवतात. फक्त त्यांना ते माहीत हवं.

आता चव. माझ्या मते सगळ्याचं मूळ इथंच आहे. चव आवडत नाही म्हणून माणूस कॅप्सूलकडे वळतो, आणि चव आवडत नाही कारण ग्रीन टी करतो चुकीचा. माझ्या भावानं काय केलं होतं? खळखळ उकळतं पाणी कपात ओतलं, पुडी टाकली, आणि फोनवर बोलत दहा मिनिटं तशीच ठेवली. त्याला कडू लागणार नाही तर काय लागणार! तसा मलाही लागेल.

पाणी उकळल्यावर गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबायचं, किंवा दुसऱ्या भांड्यात एकदा ओतून घ्यायचं. ७० ते ८० अंश पुरे. उकळतं पाणी कडू द्रव्यं भराभर बाहेर काढतं. थोड्या निवलेल्या पाण्यात थिॲनिनचा गोडसर, भरलेला स्वाद वर येतो. थिॲनिन हे चहाच्या पानातलंच अमिनो आम्ल, १९४९ साली जपानमध्येच सापडलेलं. कॅफीनबरोबर ते पोटात गेलं की तरतरी येते पण जीव घाबरा होत नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि छोट्या चाचण्याही तसंच सुचवतात. पानं दीड-दोन मिनिटांत काढून घ्यायची. रंग फिकट पिवळसर हिरवा आला पाहिजे, तपकिरी आला तर जास्त झालं. कमी तापमानाला कॅटेचिन्स थोडी कमी उतरतात हे मला माहीत आहे. चालेल. जो कप पिऊन संपवला जातो त्यातलीच कॅटेचिन्स पोटात जातात.

निवलेल्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून नोंदवली आहेत. पेय कुठलं हा प्रश्नच नाही, फक्त उष्णता. घोट घेताना जीभ भाजत असेल तर थांबावं.

मी दिवसाला तीन कप पिते. शेवटचा दुपारी चारच्या आत, नाहीतर झोपेवर परिणाम होतो. जेवणापासून दोन तास लांब. भाऊ बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावर, सहा महिन्यांनी मी त्याला असा एक कप करून दिला. त्यानं आधी वास घेतला, मग जरा भीत भीत घोट घेतला आणि म्हणाला, ‘हा तो नाही.’ मी म्हटलं, ‘तोच आहे. त्याच डब्यातला.’ आता तो रोज एक कप घेतो. दर चार महिन्यांनी यकृताची तपासणी करून घेतो.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. कॅप्सूलबद्दलच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, लेख ज्या पानावर होता त्याच पानावर छापावी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको, कारण मूळ लेख पानभर होता. आणि ‘जेवणानंतर लगेच’ याच्या जागी ‘जेवणानंतर एक-दोन तासांनी, लोहाची गोळी घेत असाल तर तिच्यापासूनही लांब’ एवढं करावं.

भावाचा तो कॅप्सूलचा डबा मी टाकलेला नाही. त्यावर ‘ग्रीन टी अर्क ५०० मिग्रॅ’ असं छापलं आहे, पण त्या पाचशेत ईजीसीजी किती हे कुठेही नाही, आणि उपाशीपोटी घेऊ नये हेही नाही. आपल्या लेखकांना पाहायचा असेल तर कंपनीचं नाव झाकून त्याच्या लेबलाचा फोटो पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)